मॅरेथॉनचा सैनिक उभा करायचा तर आधी ढाल करा

एका हौशी नाट्यसंस्थेच्या दिग्दर्शकाने विचारलं आहे: मॅरेथॉनच्या लढाईवर दीर्घांक बसवतोय, पंधरा सैनिक रंगमंचावर येतात. लाल झगे, उघड्या छात्या आणि ढालीवर उलटा व्ही असा वेश डोक्यात होता. पण एकाने सांगितलं की खरे ग्रीक सैनिक पस्तीस किलोचं कांस्य अंगावर वागवायचे. मग ते धावले कसे? आणि आमच्या तुटपुंज्या पैशांत खरं काय दाखवावं, काय सोडावं?

मी तांब्या-पितळेचं काम पुण्याच्या तांबट आळीत एका वयस्कर कारागिरांच्या हाताखाली शिकले. त्यानंतर बरीच वर्षं जुन्या शस्त्रांच्या आणि चिलखतांच्या प्रतिकृती बनवते आहे, काही नाटकांसाठी, काही संग्रह करणाऱ्यांसाठी. ग्रीक सामान मी आजवर सर्वांत जास्त घडवलंय, आणि त्यात सर्वांत जास्त चुकाही केल्यात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमचा प्रश्न ‘ग्रीक सैनिक काय घालायचे’ असा वाटतो, पण तसा तो सुटणारच नाही. ग्रीसमधल्या डेंड्रा गावी १९६० साली कांस्याच्या रुंद पट्ट्यांचं आख्खं चिलखत सापडलं, ते इ.स.पू. पंधराव्या शतकातलं. आर्गोसच्या थडग्यात मिळालेलं घंटेच्या आकाराचं उरस्त्राण आठव्या शतकाच्या अखेरचं. मॅसिडोनियाचा फिलिप आणि अलेक्झांडर यांचं पायदळ दोन्ही हातांनी पाच-सहा मीटरचा भाला धरून चालायचं, ते चौथ्या शतकातलं. डेंड्रा ते अलेक्झांडर म्हणजे हजाराहून अधिक वर्षं झाली. शिवकालीन मावळ्याला पहिल्या महायुद्धातला गणवेश घातला तर प्रेक्षक उठून जातील, आणि इथलं अंतर त्याहूनही मोठं आहे.

तुमचा खरा प्रश्न नेमका आहे. इ.स.पू. ४९०, अथेन्सजवळचा मॅरेथॉनचा किनारा, समोर पर्शियन सैन्य, पायी लढणारा नागरिक-सैनिक, म्हणजे हॉपलाइट. त्याचं सामान सरकार देत नव्हतं, ज्याचं त्याने आणायचं. सहाव्या शतकाच्या अखेरीचा अथेन्सचा एक कोरीव ठराव आहे. सालामिस बेटावर वसवलेल्या लोकांनी स्वतःची शस्त्रं स्वतः ठेवावीत, ती तीस द्राख्मांची असावीत, असं त्यात म्हटलंय. पुढच्या शतकात कसबी कारागिराची रोजची मजुरी साधारण एक द्राख्मा होती, त्यावरून अंदाज करा. ऐपतवाल्याकडे सगळं असणार, बेताच्या माणसाकडे ढाल, भाला, शिरस्त्राण आणि बापाचं उरलंसुरलं काहीतरी. म्हणजे तुमचे पंधरा सैनिक एकसारखे दिसायलाच नकोत. हे तुमच्या पैशांच्याही सोयीचं आहे.

आता लाल झग्यांचं. लाल झगा आणि कांस्याची ढाल ही स्पार्टाची ओळख, झेनोफोनने तसं लिहून ठेवलंय. पण मॅरेथॉनला स्पार्टाचे लोक नव्हतेच. त्यांच्याकडे सणाचे दिवस होते, पौर्णिमेआधी निघता येत नव्हतं. त्यांचे दोन हजार जण पोचले तेव्हा लढाई संपली होती, त्यांनी रणांगण पाहिलं आणि ते परत गेले. मैदानात होते अथेन्सचे लोक आणि त्यांच्या मदतीला आलेले प्लॅटिआचे. ढालीवरचा उलटा व्ही म्हणजे ‘लॅम्डा’, लॅकेडेमॉन या स्पार्टाच्या दुसऱ्या नावाचं आद्याक्षर. त्याचा उल्लेख पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, ४९०चा नाही. त्या काळी ज्याला जे आवडेल ते तो ढालीवर काढून घेई: गॉर्गन राक्षसिणीचा चेहरा, कोंबडा, बैलाचं डोकं, साप, तीन वळलेले पाय. मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांत अशा शेकडो ढाली आहेत. उघडी छातीही त्या भांड्यांवर दिसते, पण ती चित्रकाराची रीत होती, वीर उघड्या अंगाने रंगवायचा. छाती उघडी टाकून कोणी रांगेत उभं राहत नसे.

आता मुद्द्याचं, म्हणजे ढाल. पैसे, वेळ, डोकं जे काही आहे ते आधी इथे लावा. ग्रीक नाव ‘आस्पिस’. गोल, व्यास साधारण ८० ते १०० सेंटिमीटर, वजन सहा ते आठ किलो. ती कांस्याची वाटते, पण मुळात लाकडाची असते. हलक्या लाकडाच्या, बहुधा पॉप्लर किंवा विलोच्या, फळ्या चिकटवून त्यांचा जाड ठोकळा करायचा आणि कातून परातीसारखा खोलगट घडवायचा. व्हॅटिकनच्या संग्रहालयात इटलीतली एक एट्रुस्कन ढाल आहे, तिचं लाकूड अजून टिकलंय आणि ते पॉप्लरचंच आहे. बाहेरून चढवायचा तो कांस्याचा पत्रा, तोही जेमतेम अर्धा मिलिमीटर. काही ढालींना नुसती कड कांस्याची असे.

तिची खरी करामत मागच्या बाजूला आहे. आपल्याकडची ढाल मनासमोर आणा: मागे छोटी गादी, मधोमध दोन मुठी, त्या एकत्र पकडून ढाल हवी तशी फिरवायची. मराठा स्वाराला तेच हवं होतं. आस्पिसचं तसं नाही. मधोमध कांस्याचा रुंद पट्टा, ‘पोरपाक्स’, त्यात डावा हात कोपरापर्यंत घालायचा. मूठ पार कडेला, दोरीची किंवा चामड्याची, तिचं नाव ‘अँटिलाबी’. म्हणजे ढालीचा मध्य तुमच्या कोपराशी येतो आणि तिचा निम्मा भाग तुमच्या अंगाच्या डावीकडे बाहेर जातो. एकट्याने लढताना हा निम्मा भाग वायाच जातो. पण डावीकडे दुसरा माणूस उभा असेल तर तो त्याची उजवी बाजू झाकतो.

थुसिडिडीसने इ.स.पू. ४१८च्या मँटिनिआच्या लढाईचं वर्णन करताना हेच टिपलंय. प्रत्येक सैन्य चाल करताना उजवीकडे सरकत जातं, कारण जो तो आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड नेऊ पाहतो. प्लुटार्कने स्पार्टाच्या डेमाराटस राजाचं एक उत्तर दिलंय. ढाल टाकणाऱ्याचा अपमान होतो, शिरस्त्राण किंवा उरस्त्राण टाकणाऱ्याचा होत नाही, हे कसं? तर ती दोन्ही माणूस स्वतःसाठी घालतो, ढाल मात्र सगळ्या रांगेसाठी धरतो. माझ्या मते ग्रीक युद्धावरची अर्धी पुस्तकं या एका उत्तरात मावतात, आणि तुमचं नाटकही यावर उभं राहू शकतं.

मी केलेली पहिली आस्पिस सपाट होती, ताटासारखी. चित्रात समोरून पाहिली होती, खोली कळलीच नव्हती. तालमीत वीस मिनिटांत नटाचं मनगट भरून आलं, तिसऱ्या दिवशी त्याने पट्टी बांधली. दुसऱ्या वेळी दहा सेंटिमीटर खोल केली आणि कडेला सपाट काठ ठेवला. तेव्हा उलगडा झाला. खोली असली की ढालीचा वरचा काठ डाव्या खांद्यावर टेकतो, वजन हातावरून खांद्यावर जातं आणि माणूस तासभर सहज उभा राहतो. तो काठ शोभेचा नाही, टेकवायचा आहे. तुमच्या सुताराला हे नीट समजावून सांगा, कारण सपाट ढाल स्वस्त पडते म्हणून तो तीच करून देईल.

आता पस्तीस किलोचा हिशेब. हा आकडा जुन्या पुस्तकांतून फिरत आलाय. सापडलेल्या वस्तूंवरून आणि स्वतः घडवलेल्या सामानावरून माझा हिशेब असा येतो: ढाल सात किलो, शिरस्त्राण दीड, कांस्याचं उरस्त्राण चार-पाच, नडग्यांची कवचं मिळून दीड, भाला दीड, तलवार म्यानासकट एक. बेरीज सोळा ते अठरा. कापडी किंवा चामडी चिलखत असेल किंवा नडग्यांची कवचं नसतील तर आणखी कमी. डेंड्राच्या जाडजूड चिलखताची प्रतिकृती घालून ग्रीक मरीन दलाच्या तेरा जवानांनी अकरा तास नकली लढाई केली, तो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. माणसाचं शरीर हे वजन पेलतं.

धावण्याचं मात्र जपून सांगायला हवं. हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे अथेन्सच्या सैन्याने आठ स्टेड अंतर पळत गाठलं, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर. तालीम असलेल्या माणसाला त्या वजनात तेवढं जॉगिंग जमतं. पण दीड किलोमीटर जोरात धावून, रांग न मोडता, पोचल्याबरोबर भाला चालवणं मला पटत नाही. आमच्या मैदानावरच्या खेळात आठ जणांची रांग शंभर मीटर पळाली की तिचं शेपूट होतं. माझा कयास असा, की बराचसा भाग ते झपाझप चालले असतील आणि बाणांच्या टप्प्यात आल्यावर धावले असतील. पर्शियनांची भिस्त धनुर्धरांवर होती, तो पट्टा लवकर ओलांडण्यातच शहाणपण होतं. ढाल घेऊन धावण्याची सवय ग्रीकांना होती हेही खरं: इ.स.पू. ५२०पासून ऑलिंपिकमध्ये शस्त्रधारी धावण्याची शर्यत होती, पण ती दोन स्टेडची, चारशे मीटरच्या आतली. रंगमंचावर तुम्ही आधी एका ठेक्यात चाल दाखवा आणि शेवटच्या दहा पावलांत धाव. जास्त खरं वाटेल, आणि नटांना पुढचा संवाद म्हणायला दम उरेल.

शिरस्त्राणाकडे वळते, कारण माझा सर्वांत जीव त्यात आहे. ४९०ला कॉरिंथियन पद्धत जोरात होती: कवटीपासून हनुवटीपर्यंत सगळं एकाच पत्र्यातून, डोळ्यांना बदामी खाचा, नाकावर उतरणारी पट्टी. ऑलिंपियाच्या संग्रहालयात असं एक शिरस्त्राण आहे. मिल्टिआडीसने हे झ्यूसला वाहिलं, असं त्याच्या कडेला कोरलंय. मॅरेथॉनचा सेनापती मिल्टिआडीस तो हाच, असं बहुतेक मानतात. नाटकासाठी नमुना शोधत असाल तर याहून चांगला मिळणार नाही.

धातूबद्दल एक सांगते, कारण बाजारात हमखास घोटाळा होतो. कांस्य म्हटलं की दुकानदार कासं दाखवतो, आपल्या काशाच्या वाटीचं. त्यात कथिल वीस टक्क्यांच्या वर असतं. ते खणखणीत वाजतं, पण थंडपणी हातोडा मारला की तडकतं, तापवून लाल असतानाच घडवावं लागतं. ग्रीक चिलखतांच्या कांस्यात कथिल दहा टक्क्यांच्या आसपास. ते थंडपणी ठोकता येतं. ठोकता ठोकता पत्रा कडक होतो, मग लालसर होईपर्यंत तापवून नरम करायचा, पुन्हा ठोकायचा. एका शिरस्त्राणाला अशा कितीतरी फेऱ्या लागतात. शेवटची ठोकणी झाल्यावर मात्र तापवायचं नाही, कारण तो शेवटचा कडकपणाच डोकं वाचवतो. आपल्या तांबटांचं मठारकाम याच न्यायाने चालतं. हंड्यावर पडणारे ते सुबक ठसे नक्षी म्हणून बघतात लोक, पण त्या ठोक्यांनीच पत्र्याला ताठपणा येतो. कॉरिंथियन शिरस्त्राण पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला सर्वांत नवल वाटलं ते जाडीचं. मागे कवटीवर पत्रा पातळ, समोर नाकाच्या पट्टीवर चांगला जाड. एकाच तुकड्यातून धातू ढकलत ढकलत पुढे आणलेला. हे ज्याने केलं त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

घातल्यावर काय होतं तेही ऐका. कानाला भोकं नाहीत, त्यामुळे सगळं बंद खोलीतून आल्यासारखं ऐकू येतं. बाजूचं दिसत नाही. म्हणूनच लढाई नसताना ते मागे सरकवून कपाळावर टेकवत, अथीनाच्या आणि पेरिक्लीसच्या पुतळ्यांत दिसतं तसं. पुढे कान मोकळे सोडणारे प्रकार वाढले त्यामागे हीच अडचण असावी. तुमच्या नटांना दिग्दर्शकाची हाक ऐकू जाणार नाही हे धरूनच तालीम आखा. आत जाड नमद्याची टोपी द्या, नाहीतर पहिल्याच प्रयोगात कपाळ सोलवटेल. पितळी पत्र्याचं केलं तरी चालेल, दिव्यांखाली फरक कळत नाही. मात्र रंग नव्या सोनेरी पितळेसारखा चकचकीत ठेवा. हिरवट-काळं कांस्य जमिनीखाली अडीच हजार वर्षं राहिल्यावर होतं, ४९०च्या सकाळी ते झळकत होतं.

उरस्त्राणाबाबत उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. घंटेच्या आकाराचं कांस्याचं उरस्त्राण तेव्हा मागे पडत चाललं होतं. भांड्यांवर सर्वांत जास्त दिसतं ते पांढरट चिलखत: धडाभोवती गुंडाळायचं, डाव्या कुशीला बांधायचं, मागून दोन खांदेपट्टे पुढे ओढून छातीवर आवळायचे, कमरेखाली पट्ट्यांची झालर. ते लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, कापडाचं की चामड्याचं, आणि कापडाचं असेल तर चिकटवलेलं की शिवलेलं, यावर अभ्यासक अजून भांडतात. लिननची चिलखतं होती हे नक्की. इजिप्तच्या अमासिस राजाने ग्रीकांना भेट दिलेल्या अशा चिलखताचं हेरोडोटसने कौतुक केलंय. पण थर खळीने चिकटवल्याचा पुरावा मला भक्कम वाटत नाही. मी तसं एक केलं होतं. जूनमध्ये उघड्यावर तालीम झाली, सर आली आणि दोन तासांत ते ओल्या पुठ्ठ्यासारखं लोंबायला लागलं. घामानेही तेच होणार. तेव्हापासून मी जाड कॅनव्हासचे आठ-दहा थर गोधडीसारखे दाट टाके घालून शिवते. ताठ राहतं, धुता येतं, आणि पंधरापैकी दहा जणांना हेच द्या. दोन-तीन सधन पात्रांना कांस्याचं. एखाद्याला काहीच नको, नुसता अंगरखा आणि ढाल. सगळ्यांकडे सगळं नव्हतं, हे प्रेक्षकांना न सांगता कळेल.

भाला हे त्यांचं मुख्य शस्त्र, तलवार नव्हे. लांबी सव्वादोन ते अडीच मीटर, दांडा बहुधा अ‍ॅशच्या लाकडाचा, पातं लोखंडी, खाली कांस्याचं अणकुचीदार टोक. त्या टोकाला ‘साउरोटिर’ म्हणत, अर्थ सरडा मारणारा. भाला जमिनीत रोवायला ते लागे, पातं मोडलं तर उलटा फिरवून लढायलाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या वजनाने भाल्याचा तोल मागे येतो, त्यामुळे मधोमध न धरता मागे धरता येतो आणि पुढे जास्त लांबी मिळते. हे टोक काढून टाकलंत तर नटाला भाला नाकावर पडल्यासारखा जड लागेल. दांड्याला लाठीचा भरीव नर बांबू घ्या. पातं रबराचं करा, खालचं टोक लाकडी, पण बोथट आणि वजनदार.

भाला खांद्यावरून धरायचा की कमरेजवळून, यावरही वाद आहे. चित्रांत दोन्ही आहे, झुंजीत बहुधा खांद्यावरून. आम्ही चार-चारच्या दोन रांगा करून पाहिलं तेव्हा कमरेजवळून धरलेल्या भाल्याचं मागचं टोक मागच्याच्या पोटात बसायचं. माणसं दाटीने उभी असतील तर वरून, सुटी असतील तर खालून, असं मी धरते. रंगमंचावर वरून धरा, मागच्या रांगेतला नट वाचेल.

तलवारीवर पैसे घालवू नका. ‘झिफोस’ म्हणजे दुधारी, पानाच्या आकाराची, दोन फुटांच्या आसपास; ‘कोपिस’ एका धारेची, पुढे वाकलेली. भाला मोडल्यावर हात जायचा तिथे. पंधरा म्यानं खांद्यावरून पट्ट्याने डाव्या बगलेत उंच लटकवा, उपसायच्या दोन-तीनच खऱ्या ठेवा. नडग्यांची कवचं पोटरीला पत्र्याच्या ताणानेच धरून बसतात, त्यामुळे प्रत्येकाच्या पायाच्या मापाची लागतात. तेवढा वेळ नसेल तर चार जणांना द्या.

आणखी एक गोष्ट परवडत असेल तर नक्की करा. त्या काळच्या काही भांड्यांवर ढालीच्या खालच्या काठाला चामड्याचा पडदा लोंबताना दिसतो, मांड्या आणि नडग्या बाणांपासून वाचवायला. धनुर्धरांशी गाठ असणाऱ्या लढाईत तो शोभतो, पैसे फारसे लागत नाहीत, आणि नडग्यांची कवचं नसलेल्यांचे पाय झाकले जातात.

सामान सांगण्याआधी पंधराही नटांच्या डाव्या हाताचं, कोपराच्या चार बोटं खाली, घेराचं माप घ्या आणि नावानिशी लिहून ठेवा. पोरपाक्स सैल झाला की ढाल गरगरते, घट्ट झाला की बोटं बधिर होतात, आणि एकाची ढाल दुसऱ्याला देता येत नाही. ढाली हातात येईपर्यंत त्याच वजनाच्या, प्लायवूडच्या, खांद्यावर टेकतील अशा कामचलाऊ ढाली घेऊन पहिल्या दिवसापासून रांगेत उभं राहायला लावा. खांद्याला खांदा लावून. डावीकडचा माणूस कोण, हे प्रत्येकाला पाठ झालं पाहिजे.